नाचणारा, नाचविणारा आणि अंगण

‘नाचतां येईना, अंगण वांकडें’ ही म्हण आपण नेहमीं नाचणाऱ्याची फजिती करण्याकरितां वापरतों. ज्याची स्वतःच्या पायांवर हुकमत नाहीं तो जमिनीला बोल लावतो, असा तिचा रोंख आहे. म्हण चतुर खरी. परंतु तिनें एक मनुष्य अजीबात गाळला आहे. जेथें वीस-पंचवीस माणसें एकदम नाचतात तेथें नाचणारा आणि अंगण यांच्यामध्यें तिसरा कोणी तरी असावाच लागतो. कधीं फिरावें, कधीं वांकावें, लय केव्हां चढवावी आणि केव्हां थांबावें, हें सर्वांच्या वतीनें तो ठरवितो. हा नाचविणारा होय. त्याचा विचार करूं लागलें म्हणजे आणखीहि एक शंका मनांत येते. अंगण खरोखरच वांकडें झालें असेल तर? या लेखांत आम्ही नाचविणाऱ्याची हकीकत सांगणार आहों. पण तिच्या ओघांत त्या बिचाऱ्या नाचणाऱ्याची फिर्यादहि थोडी ऐकून घ्यावी लागेल.

शास्त्रोक्त नृत्याचा इतिहास लिहिणाऱ्यास आधार पुष्कळ असतात. भरताचें नाट्यशास्त्र आहे, तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानें शार्ङ्गदेवानें रचिलेला संगीतरत्नाकर आहे, देवळांच्या भिंतींवरील शिल्पें आहेत. परंतु गांवच्या रिंगणास ज्यानें फिरविलें त्याचें नांव कोणत्या ताम्रपटांत सांपडावें? इंग्रजी भाषेंत अशा मनुष्यास ‘कॉलर’, म्हणजे हांक देणारा, म्हणतात. आमच्या भाषेंत त्याला एकच नांव नाहीं. कोठें तो शाहीर, कोठें बुवा, कोठें तारपेवाला, कोठें काठीवाला. आणि लग्नघरीं तर तो पुरुषहि नसतो, धवलारीण असते. नांवें अनेक असलीं तरी वर्ग दोनच पडतात. एक शब्दानें नाचवितो, दुसरा वाद्यानें. या दोघांचे नमुने एकाच ठिकाणीं पाहावयाचे असतील तर फार दूर जावें लागत नाहीं. मुंबईच्या उपनगरांतील मालाड तेवढ्यास पुरेसें आहे.

आजचें मालाड पाहणाऱ्यास हें विधान धाडसाचें वाटेल. आगगाडीच्या दोहों बाजूंस दाटलेल्या इमारती आणि त्यांतून वाट काढणारी माणसें, यांत रिंगणास जागा कोठली? परंतु मालाडचा जुना नकाशा डोळ्यांपुढें आणावा. पश्चिमेस समुद्र आणि खाडी, तिच्या कांठीं मढ, भाटी, एरंगळ, आक्से, मार्वे हीं गांवें. पूर्वेस डोंगर आणि रान. आणि मध्यें शेतीचा सखल पट्टा. हा सारा मुलूख साष्टीचा. १५३४ साली तो पोर्तुगीजांकडे गेला, १७३७ ते १७३९ च्या चिमाजी अप्पांच्या मोहिमेंत मराठ्यांनीं घेतला, आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांच्या हातीं पडला. बृहन्मुंबईच्या हद्दींत मालाड आलें तें १९५७ साली. राज्यें बदललीं, परंतु किनाऱ्यावर कोळी व ख्रिस्ती, डोंगरांत वारली, आणि मागाहून मधल्या पट्ट्यांत कोंकणचे चाकरमानी, अशी वस्तीची मांडणी होत गेली. तीन वस्त्या, तीन तऱ्हेचे नाच, आणि तीन तऱ्हेचे नाचविणारे.

प्रथम किनारा घेऊं. कोळ्यांच्या नाचाची आपली ओळख बहुधा शाळेच्या संमेलनांतली: वल्हीं मारल्याचा अभिनय, दोन रांगा, आणि पुढें एक टोपलीवाली. प्रत्यक्षांत या समाजाचें गाणें-नाचणें लग्नाच्या मांडवांत आणि नारळी पुनवेच्या मिरवणुकींत वाढलें. किनाऱ्यावरच्या कोळी-आगरी लग्नांत हळदीपासून पुढचे विधि धवलारिणीच्या गाण्याबरोबर चालतात. तिला धवले तोंडपाठ असतात. ती ओळ टाकते, भोंवतालच्या बायका ती उचलतात, आणि कोणता विधि झाला व कोणता व्हावयाचा हें त्या ओळींवरूनच मांडवास समजतें. तिच्या हातीं वाद्य नाहीं, पोथी नाहीं. तरी सगळा मांडव तिच्या शब्दावर चालतो.

याच किनाऱ्यावरील मूळच्या ख्रिस्ती लोकांनीं १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास पन्नास वर्षें झालीं त्या सुमारास, ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेतलें. गोंव्याकडील व मंगळूरकडील ख्रिस्त्यांपासून आपण निराळे, येथलेच, हें दाखविण्याचा त्यांत हेतु होता. नांव इंग्रजी घेतलें तरी बोली मराठीच राहिली, आणि लग्नाच्या आदल्या दिवशीं ‘उंबराच्या पाण्या’स विहिरीवर वाजतगाजत जाण्याची चालहि राहिली. येथें नाचविण्याचें काम घुमटाकडे, आणि पुढें पितळी वाद्यांच्या बँडाकडे आलें. घुमट म्हणजे मातीचें मडकें. त्याचें तोंड पूर्वी घोरपडीच्या कातड्यानें मढवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्या कातड्यास बंदी झाली आणि बकऱ्याचें कातडें आलें. एरंगळच्या संत बोनाव्हेंचरच्या देवळाची जत्रा जानेवारीच्या दुसऱ्या रविवारीं भरते. तेथें ख्रिस्ती व हिंदू दोन्ही समाज जमतात. ज्यांचे देव निराळे त्यांचे ताल मात्र शेजारी राहतात, हें तेथें पाहावें.

आतां पूर्वेच्या डोंगराकडे वळूं. आजच्या राष्ट्रीय उद्यानाच्या आणि आरे वसाहतीच्या परिसरांत वारली, मल्हार कोळी, कातकरी इत्यादिकांचे पाडे आहेत. आरेची दुग्धवसाहत १९४९ साली स्थापन झाली. पाडे तिच्या आधींचे. वारल्यांचा तारपा म्हणजे वाळलेला भोंपळा, त्यास मेणानें बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आणि पुढें ताडाच्या पानांचा कर्णा. वाजविणारा गालांत वारा सांठवून नाकानें श्वास घेतो, यामुळें सूर मध्यें तुटत नाहीं. बायकापुरुष एकमेकांच्या कमरेस हात घालून त्याच्या भोंवतीं फिरतात, आणि त्यांच्या पुढें एकजण घुंगरांची काठी जमिनीवर आपटीत चालतो. तारपेवाल्यानें चाल बदलली कीं पाऊल बदललें. काठीवाल्यानें ठोका दिला कीं सांखळी वळली. एक शब्द बोलला जात नाहीं. एक नियम मात्र सर्व पाळतात: तारप्यास कोणी पाठ दाखवीत नाहीं.

हा नियम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. वाद्याचा मान राखणें हा त्याचा एक अर्थ झाला. पण दुसरा तितकाच व्यवहाराचा आहे. ज्याला सर्वांची तोंडें दिसतात त्यालाच कोण थकला, कोण मागें पडला, कोणाच्या अंगांत अजून जोर आहे हें कळतें. तारपेवाला मधोमध असतो तो सिंहासनावर बसल्यासारखा नव्हे, तर चाकाच्या आंसासारखा. वारली चित्रांत तारप्याभोंवतीं नाचणाऱ्यांचें वेटोळें काढलेलें असतें तें याच कारणानें. डहाणूजवळच्या गंजाड गांवचे जिव्या सोमा मशे यांच्या कुंचल्यानें तें वेटोळें जगभर पोंचविलें. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. चित्रकाराचें नांव अशा रीतीनें राहिलें, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र चित्राच्या मध्यावर जो वाजवीत उभा आहे त्याचें नांव विचारण्याची आठवण प्रेक्षकांस क्वचित् होते.

मधल्या पट्ट्यांतला नाच हा पाहुणा म्हणून आला. त्याचें कोंकणांतलें नांव जाखडी. मुंबईनें त्याला ‘बाल्या डान्स’ म्हटलें. रत्नागिरीकडून मुंबईस घरकामास येणाऱ्या गड्यांच्या कानांत बाळी असे, त्यावरून शहरानें त्यांचें नांव ‘बाल्या’ पाडलें, आणि त्यांचा नाच तो बाल्या नाच. थट्टेचें नांव अंगास चिकटलें. पुढें तेंच बिरूद म्हणून मिरविलें गेलें. १८५४ साली मुंबईंत कापडगिरणीचा पाया पडला आणि पुढच्या पिढ्यांत कोंकणचा कुणबी गिरणगांवांत येऊन राहिला. एकेका खोलींत एकेका गांवचे वीस-वीस गडी. त्यांनीं आपलीं भांडीं आणलीं तशी ढोलकीहि आणली. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक मिटल्या आणि गिरणगांवांतली पुष्कळ कुटुंबें उपनगरांत पांगलीं. मालाडच्या पूर्वेस कुरारच्या बाजूनें चाळींच्या व झोंपड्यांच्या ज्या दाट वस्त्या आहेत त्यांत कोंकणच्या माणसांचा भरणा मोठा. आणि गोकुळाष्टमीपासून गौरी-गणपतीपर्यंत तेथें ढोलकी ऐकूं येते.

जाखडीची मांडणी अशी: मध्यें शाहीर किंवा बुवा, त्याच्याजवळ ढोलकीवाला, झांज वाजविणारा आणि झील धरणारे; भोंवतीं सहा-आठ नाचणारे, एका पायांत चाळ बांधलेले. आरंभीं गण, मग गौळण, आणि मग खरा सामना, सवाल-जबाब. कारण ही केवळ नाचण्याची कला नव्हे, वादाचीहि आहे. कलगी-तुऱ्याची जुनी तेढ कोंकणांत शक्ति-तुरा म्हणून राहिली. परंपरा अशी सांगते कीं तुकनगीर नांवाचे गोसावी आणि शाहअली नांवाचे फकीर हे या दोन पक्षांचे मूळ पुरुष. चंदेरीच्या दरबारांत एकास तुरा मिळाला व एकास कलगी. तुरेवाले पुरुषतत्त्व श्रेष्ठ मानतात, शक्तिवाले आदिमायेस. म्हणजे सांख्य आणि वेदान्त यांचा वाद शाळेची पायरी न चढलेल्या गड्यांनीं ढोलकीवर शेंकडों वर्षें चालविला, आणि त्याच्या मुळाशीं एक गोसावी आणि एक फकीर बसले आहेत! ज्यांना आपला इतिहास केवळ दरबारांत आणि रणांगणांत दिसतो त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

शाहिराचें काम मोठें कठीण. पुराणांतली कथा पाठ हवी, समोरच्या पक्षानें टाकलेल्या कोड्याचें उत्तर तेथल्या तेथें जुळवावयास हवें, आणि हें सर्व चाललें असतां रिंगण फिरतें ठेवावयास हवें. येथें त्याचा खरा सहकारी ढोलकीवाला. शाहिराची ओळ संपतां संपतां ढोलकीचा बोल बदलतो, त्यावरून नाचणाऱ्यांस कळतें कीं आतां गिरकी आहे किंवा आतां बैठक आहे. उलट दिशेनेंहि निरोप जातो, आणि तो जातो चाळांतून. आठ पायांतले चाळ एकदम वाजले तर रिंगण जुळलें; एक जरी मागें राहिला तर ढोलकीवाल्याच्या कानास तो लागलीच कळतो.

एका गणेशोत्सवांत कुरारकडील एका चाळीच्या चौकांत आम्ही हा प्रकार प्रत्यक्ष पाहिला. नाचणाऱ्यांत साठीच्या पुढचा एक गडी होता. लय दुप्पट झाली तसा त्याचा पाय मागें राहूं लागला. बघणाऱ्यांच्या तें ध्यानांतहि आलें नसेल. परंतु ढोलकीवाल्यानें वर न पाहतां हात किंचित् आवरला, शाहिरानें तीच ओळ आणखी दोनदां घोळली, आणि त्या म्हाताऱ्यानें दम घेऊन पाऊल पुन्हां मिळविलें. कोणी कोणास कांहीं बोललें नाहीं. हांक देणारा हा हुकूम सोडणारा आहे, अशी आमची तोंवर समजूत होती. त्या रात्रीं समजलें कीं त्याचा अर्धा धंदा ऐकण्याचा आहे. त्याची सत्ता सर्वांवर चालते, कारण ती सर्वांच्या ताब्यांत असते.

पुढें त्याच मेळ्याचा प्रयोग आम्ही एका नाट्यगृहांत पाहिला. तेथें शाहीर व वादक मंचाच्या मागच्या बाजूस उंचावर बसले होते; नाचणारे पुढें, तोंडें प्रेक्षकांकडे. म्हणजे नाचविणाऱ्यास नाचणाऱ्यांच्या पाठी दिसत होत्या. ध्वनिवर्धकाचा आवाज इतका कीं चाळ कोणास ऐकूं येईनात. विंगेंतून वेळ संपत आल्याची चिठी आली, तशी लय चढली. तो म्हातारा गडी त्या दिवशीं मंचावर नव्हता. त्याला कोणी काढलें नव्हतें, त्याचा तोच राहिला होता. अंगण वांकडें होतें तें असें. जमीन तीच, पण वर्तुळाची सरळ रेघ झाली कीं मध्य नाहींसा होतो, आणि मध्य गेला कीं नाचविणारा नाचणाऱ्यांचा न राहतां बघणाऱ्यांचा चाकर होतो.

एवढ्यावरून रंगमंचास शिव्या देण्यास आम्ही तयार नाहीं. त्याचे उपकारहि मोजले पाहिजेत. परळचें सोशल सर्व्हिस लीगचें दामोदर नाट्यगृह १९२२ साली उभें राहिलें. गिरणगांवच्या कामगारास हक्काचा मंच त्यानें दिला, आणि कोंकणचें नमन व शक्ति-तुरा तेथें तिकीट लावून होऊं लागले. शनिवार-रविवारच्या या खेळांमुळें घड्याळाच्या पाळ्यांत अडकलेल्या गड्यास तालमीस कारण मिळालें, शाहिरास चार पैसे व नांव मिळालें. २०२३ च्या अखेरीस तें नाट्यगृह पुनर्विकासासाठीं बंद झालें तेव्हां कलावंतांनीं केलेला आक्रोश उगीच नव्हता. शिवाय आतां बायकाहि शाहीर म्हणून सवाल टाकतात. जुन्या अंगणांत ही सोय नव्हती. तारप्याचेंहि तसेंच. भाताचें पीक हातीं आल्यावर वाजूं लागणारा तारपा आतां ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनीं, भर पावसाळ्यांत, वाजतो. हंगाम पिकावरून न ठरतां निमंत्रणावरून ठरूं लागला, याचें वाईट वाटतें. पण त्या निमंत्रणानें पाड्यांकडे शहराचें लक्ष गेलें, हेंहि खरें. मग तक्रार मंचाविषयीं नसून कशाविषयीं?

येथें परदेशचें एक उदाहरण उपयोगी पडेल. इंग्लंडांत गांवचे नाच एकोणिसाव्या शतकांत बहुतेक विझले होते. १८९९ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशीं सेसिल शार्प नांवाच्या संगीतशिक्षकानें ऑक्सफर्डजवळ हेडिंग्टन येथें मॉरिस नाच पाहिला. विल्यम किंबर नांवाचा गवंडी तेथें कॉन्सर्टिना वाजवीत होता. दुसऱ्या दिवशीं शार्पनें त्याला बोलावून चाली उतरून घेतल्या. १९११ साली शार्पनें इंग्रजी लोकनृत्यांची संस्था स्थापिली. अमेरिकेंत हांक देण्याची कला वाढविण्यांत गुलामगिरींतल्या काळ्या सारंगीवाल्यांचा हात मोठा होता. मालकांच्या दिवाणखान्यांत वाजवितां वाजवितांच ते पुढचें पाऊल कोणतें तें ओरडून सांगत. आज त्या देशांत शनिवार-रविवारीं सुट्टींतलीं माणसें एखाद्या सभागृहांत जमतात, एक हांक देणारा व चार वादक बोलावतात, आणि ज्यांनीं एकमेकांस पूर्वी पाहिलेंहि नाहीं अशीं शंभर माणसें घटकाभरांत एका तालावर फिरूं लागतात. महत्त्वाची गोष्ट ही कीं तेथें प्रेक्षक नसतो. जो आला तो नाचला. त्यांचें गांव गेलें, परंपरा तुटली. म्हणून त्यांनीं हांक देणारा नव्यानें घडविला आणि त्याच्या भोंवतीं रिंगण परत मांडलें. आमचें गांव अजून जिवंत आहे, शाहीर जिवंत आहे, तारपेवाला जिवंत आहे. आणि आम्ही मात्र खुर्च्या मांडून बसलों.

कोणी म्हणेल कीं मालाड-बोरिवलीच्या मैदानांवर नवरात्रांत हजारों माणसें नाचतातच ना? नाचतात, आणि तेथें रिंगणहि असतें. परंतु तेथें गाणारा उंच मंचावर, त्याचा आवाज यंत्रांतून, आणि पायांचा आवाज त्याच्यापर्यंत पोंचणें अशक्य. अंगण उरलें, मध्यहि उरला. कान तेवढा गेला. याच्या उलट मंगळागौरीच्या रात्रीं एखाद्या दोन खोल्यांच्या घरांत दहा बायका फेर धरतात आणि एखादी आजी खुर्चींत बसून विसरलेली ओळ पुढें सुचविते. तिच्या पायांत आतां त्राण नसतें, तरी नाचविते तीच. मोठें मैदान हें सरळ अंगण आणि लहान खोली हें वांकडें, असें समजण्याचें कारण नाहीं. नाचविणाऱ्यास नाचणारा दिसतो व ऐकूं येतो तें अंगण सरळ.

तेव्हां करावयाचें काय? फार मोठें नाहीं. उत्सवमंडळांनीं व महाविद्यालयांनीं मेळ्यास बोलावतांना वादकांस मध्यें बसवावें, प्रेक्षकांस भोंवतीं. एवढ्यास पैसा लागत नाहीं, सतरंज्या फिरविल्या कीं झालें. खेळ किती वेळ चालावा हें शाहिरास विचारावें, चिठीनें कळवूं नये. खेळाच्या शेवटीं अर्धी घटका तरी प्रेक्षकांस रिंगणांत घ्यावें, आणि त्यांस पाऊल शिकविण्याचें काम मेळ्यांतल्या सर्वांत वडील माणसाकडे द्यावें. छापील पत्रिकेंत उद्घाटकाच्या नांवाखालीं ढोलकीवाल्याचें व तारपेवाल्याचें नांव घालावें. धवलारिणीचे धवले आणि शाहिराचे सवाल कोणी उतरून घेतले तर उत्तमच. पण ढोलकीचा हात कोठें आवरावा हें वहींत उतरत नाहीं. तें शेजारीं बसूनच शिकावें लागतें, आणि शेजारीं बसणारा पोरगा मिळाला नाहीं तर तें त्या हाताबरोबरच जाणार.

त्या चौकांतल्या रात्रीनंतर आम्हांस त्या म्हणीची पूर्वीसारखी गंमत वाटत नाहीं. साठीचा तो गडी मंचावर गेला नाहीं, त्याला नाचतां येत नव्हतें म्हणून नव्हे. चाळीच्या चौकांत तो आजहि नाचूं शकेल. त्याच्या पायाचा चाळ ऐकणारा कोणी मधोमध बसलेला मात्र हवा.